आधी कागद, मग रंग: मोठ्यांसाठीचं कलरिंग बुक आणि त्याचं साहित्य कसं निवडावं

साताऱ्यात दर रविवारी दुपारी आम्ही सहा-सात जणी आणि दोन काका रंगवायला एकत्र बसतो. नवीन माणूस येतं ते बहुतेक एकाच थाटात. एका हातात बहात्तर किंवा एकशेवीस रंगांचा डबा, दुसऱ्या हातात मुखपृष्ठ बघून उचललेलं पुस्तक. पहिल्याच पानावर ब्रश पेन फिरतो आणि पान उलटलं की मागच्या मोराच्या पोटात जांभळी शाई उतरलेली दिसते. मग "जाऊ दे, माझं ड्रॉइंग शाळेपासूनच कच्चं आहे" असं म्हणून डबा कपाटात जातो. ड्रॉइंगचा इथे काही संबंध नसतो. खरेदीचा क्रम उलटा झालेला असतो, एवढंच.

मीही तेच केलं होतं. ऑनलाइन एक भलामोठा संच मागवला, त्यावर सवलतीत पुस्तक मिळालं म्हणून तेही घेतलं आणि दोन्ही एकमेकांच्या उपयोगाचे निघाले नाहीत. त्यामुळे खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. चौथ्या पायरीपर्यंत रंगांच्या डब्याला हात लावायचा नाही.

पायरी १: दुकानात जाण्याआधी घरी ठरवायच्या गोष्टी

कुठे बसून रंगवणार? टेबल असेल तर कसलंही पुस्तक चालतं. दिवाणावर मांडीवर पाट घेऊन बसणार असाल, तर स्पायरलचं किंवा सुट्या पानांचंच घ्या. चिकटवलेल्या बांधणीचं जाड पुस्तक मांडीवर उघडं राहत नाही आणि सगळा वेळ ते दाबून धरण्यातच जातो.

एका बैठकीला किती वेळ मिळतो? रात्री जेवणं आवरल्यावर वीस मिनिटं मिळत असतील, तर ए-फोर आकाराचं दाट मंडल महिनाभर पुरतं आणि अर्ध्यात कंटाळा येतो. अशांनी ए-फाइव्ह, म्हणजे साध्या वहीच्या जवळपासचा आकार घ्यावा.

तिसरी गोष्ट डोळ्यांची. चाळिशी लागली असेल तर चित्रातल्या सगळ्यात लहान मोकळ्या जागा बघा. शाळूच्या दाण्यापेक्षा बारीक जागा पेन्सिलीने भरता येत नाहीत. तिथे बारीक टोकाचा पेन लागतो आणि मान दुखते ती वेगळीच. पुस्तकात अशी जागा क्वचित असेल तर हरकत नाही. पानभर असेल तर ठेवून द्या.

चित्रांचा प्रकारही आत्ताच ठरवा. मंडल आणि नक्षीच्या पानांत तोच आकार पुन्हा पुन्हा येतो. डोकं चालवावं लागत नाही, म्हणून दमलेल्या माणसाला ती बरी. फुलं, पक्षी, वाडे, बाजार अशा चित्रांत छाया-प्रकाशाचा विचार करावा लागतो. तिसरा प्रकार ग्रेस्केलचा: चित्रातल्या सावल्या राखाडी छटांत आधीच छापलेल्या असतात आणि आपण वरून रंग चढवायचा. दिसायला सोपा वाटतो, पण राखाडीवर फिका रंग मळकट दिसतो. पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका.

पायरी २: पुस्तक पारखणं

खरं काम इथे आहे, म्हणून इथे जास्त वेळ घालवा.

*कागदाचं वजन.* कागदाची जाडी बाजारात जीएसएममध्ये सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम. झेरॉक्सचा नेहमीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो. पुस्तकावर आकडा छापलेला असेल तर काम सोपं. नसेल तर "जाड पान", "प्रीमियम पेपर" असले शब्द सोडून द्या आणि हिशेब करा.

ए-फोर पान बरोबर एक चौरस मीटरचा सोळावा भाग असतं. म्हणून एका पानाचं ग्रॅममधलं वजन गुणिले १६ केलं की जीएसएम मिळतो. ८० जीएसएमचं ए-फोर पान ५ ग्रॅम भरतं. पंचवीस सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी पुस्तकालाही हाच १६ चा गुणाकार लागू पडतो, कारण त्याचं क्षेत्रफळही तेवढंच येतं.

ऑनलाइन विक्रीच्या माहितीत पुस्तकाचं वजन आणि पानांची संख्या बहुतेकदा दिलेली असते. समजा ए-फोर पुस्तक १०० पानांचं आहे आणि वजन २८० ग्रॅम. १०० पानं म्हणजे ५० कागद, कारण दोन्ही बाजू मोजतात. मुखपृष्ठाच्या दोन जाड पुठ्ठ्यांचे साधारण ३० ग्रॅम वजा करा. उरले २५०. भागिले ५०, म्हणजे एक कागद ५ ग्रॅमचा. गुणिले १६, म्हणजे ८०. हा झेरॉक्सचाच कागद झाला, वर्णनात काहीही लिहिलेलं असो. तेच पुस्तक ४०० ग्रॅमचं असेल तर कागद १२० जीएसएमच्या आसपास येतो आणि ते घेण्यासारखं आहे.

सावधान: विक्रेत्याने दिलेलं वजन कधी खोक्यासकट असतं. पुस्तक हातात आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकदा ठेवून बघा, म्हणजे परत पाठवायची मुदत संपायच्या आत कळेल.

*टॉर्चची चाचणी.* दुकानात असाल तर एका पानामागे मोबाइलचा टॉर्च लावा. कागदात ढगांसारखे गडद-फिके पट्टे दिसले तर लगदा सारखा पसरलेला नाही आणि शाई कुठे कमी, कुठे जास्त शोषली जाईल. मागच्या बाजूचं चित्र टॉर्चशिवायच समोरून दिसत असेल, तर पुढचं काही तपासू नका, पुस्तक ठेवून द्या.

*पृष्ठभाग.* पानावरून बोटाचं पेर हलकं फिरवा. किंचित खरखर लागली पाहिजे. रंगीत पेन्सिलीचा रंग त्या खरखरीत अडकतो. हात सर्रकन घसरला तर पेन्सिलीचे दोन थर चढतील आणि तिसरा घसरून जाईल.

इथे एका शब्दाने बरेच जण फसतात. छापखान्याच्या बोलीत "आर्ट पेपर" म्हणजे चकचकीत, लेप दिलेला कागद. लग्नाच्या अल्बमला किंवा माहितीपत्रकाला वापरतात तो. "आर्ट" शब्द ऐकून तो चित्रकलेचा असेल असं वाटतं. प्रत्यक्षात त्यावर पेन्सिल चढत नाही आणि जेल पेन बराच वेळ ओला राहतो. लेप नसलेल्या कागदाला छापखान्यात "मॅपलिथो" म्हणतात. ओळखीच्या छापखान्यातून स्वतःचं पुस्तक बांधून घेणार असाल तर हा शब्द वापरा.

*छपाई एका बाजूला की दोन्ही.* पेन्सिली वापरणाऱ्याला दोन्ही बाजूंची छपाई चालते, थोडं सांभाळून. मार्कर, स्केचपेन, ब्रश पेन यांतलं काहीही वापरायची शक्यता असेल तर एकाच बाजूला छापलेलंच घ्या. चित्रं निम्मी मिळतात हे खरं, पण दोन्ही बाजूंच्या पुस्तकातही शेवटी निम्मीच रंगवली जातात.

*बांधणी.* पुस्तक मधोमध पूर्ण उघडून बघा. चित्र शिलाईच्या घळीत जात असेल तर ती दोन बोटांची जागा कधीच नीट रंगवता येणार नाही. फाडायला टोचणीची रेघ असेल तर उत्तम.

*रेघेची शाई.* दुकानात नमुन्याची प्रत असेल तर ओलं बोट एका काळ्या रेघेवर घासून बघा. विकायच्या प्रतीवर हा प्रयोग करू नका, मी एकदा केला आणि ती प्रत मला विकत घ्यावी लागली. शाई पसरत असेल तर पाण्याचे रंग, ब्रश पेन आणि जेल पेन या पुस्तकाला वर्ज्य.

तपासा: वजन, टॉर्च, खरखर, छपाईची बाजू, बांधणी. पाचपैकी चार बरोबर असतील तर घ्या. मुखपृष्ठ या यादीत नाही.

पायरी २ (अ): पुस्तक न घेता पानं छापून घ्यायची असतील तर

पहिल्या महिन्यासाठी मी सगळ्यांना हाच रस्ता सांगते. हवं ते चित्र, हव्या त्या कागदावर, सुटं. न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनच्या ग्रंथालयाने २०१६ मध्ये "कलर अवर कलेक्शन्स" नावाचा उपक्रम सुरू केला. दर फेब्रुवारीत जगभरातली ग्रंथालयं आणि संग्रहालयं आपल्या संग्रहातल्या जुन्या चित्रांची रंगवायची पानं त्यात फुकट देतात. वनस्पती, प्राणी, जुने नकाशे असं बरंच मिळतं. विकतच्या पुस्तकांची पानं स्कॅन करून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, ती मात्र चोरीचीच.

झेरॉक्सवाल्याकडे गेल्यावर "एक प्रिंट द्या" एवढंच म्हटलं तर ७० जीएसएमवर मिळेल. नीट सांगा: "१०० जीएसएमचा बाँड पेपर, लेझर प्रिंट, एकाच बाजूला." बाँड नसेल तर ड्रॉइंगचा कार्ट्रिज कागद ए-फोरमध्ये कापून आपणच न्यावा. सगळी मशिनं जाड कागद घेत नाहीत, म्हणून आधी विचारा आणि एकच पान काढून बघा.

तपासा: जाड, खरखरीत कागदावर लेझरची काळी पूड कधी नीट बसत नाही. नखाने रेघ खरवडा. पूड निघाली तर तो कागद त्या मशिनला चालत नाही.

इंकजेटची प्रिंट असेल तर एक दिवस वाळू द्या. तरीही पाणी लागलं की बहुतेक इंकजेटच्या रेघा पसरतात. त्यावर पेन्सिलीच वापरा. आणखी एक: प्रिंट काढताना रेघा काळ्याऐवजी मध्यम राखाडी करून घेतल्या, तर रंगवल्यावर त्या रंगात मिसळून जातात आणि चित्र छापील वाटत नाही.

पायरी ३: कागद बघून रंगाचा प्रकार ठरवणं

- ८० जीएसएमपर्यंत: रंगीत पेन्सिली, हलक्या हाताने. दुसरं काही नाही.
- १०० ते १२०: पेन्सिली मनसोक्त, जेल पेन, बारीक टोकाचे पेन. स्केचपेन फक्त लहान जागांत.
- १५० च्या पुढे: पाण्याच्या शाईचे ब्रश पेन, पण एका जागेवर दोनदाच. तिसऱ्यांदा घासलं की कागदाच्या लोळ्या निघतात.
- २०० च्या पुढे: वॉटर कलर पेन्सिलीवर ओलसर ब्रश फिरवता येतो. भरपूर पाणी वापरायचं तर ३०० जीएसएमचा जलरंगाचा कागदच हवा, आणि तो कलरिंग बुकात सहसा मिळत नाही.

अल्कोहोल मार्कर मुद्दाम यादीबाहेर ठेवलेत. दोन्हीकडे टोकं असलेले, झाकण उघडल्यावर स्पिरिटचा वास येणारे ते पेन. त्यांचा रंग सपाट आणि सुंदर बसतो, म्हणून व्हिडिओत ते सगळ्यात जास्त दिसतात. पण जवळजवळ कुठल्याही पुस्तकाच्या पानातून ते आरपार जातात. १५० जीएसएमलाही जुमानत नाहीत. वापरायचेच असतील तर एका बाजूची छपाई, पानामागे जाड पुठ्ठा किंवा प्लास्टिकचं फोल्डर आणि उघडी खिडकी, या तीनही गोष्टी हव्यात.

तेलखडू, म्हणजे ऑइल पेस्टल, घरात मुलांचे पडलेले असतात म्हणून वापरावेसे वाटतात. टोक जाड, पानं एकमेकांना चिकटतात, समोरच्या चित्रावर डाग. नकोच.

पायरी ४: आता रंगांची खरेदी

मोती चौकाच्या बाजूला एका दुकानात मी सुट्या पेन्सिली निवडत होते तेव्हा दुकानदार म्हणाला, "काकू, नातवाला किती रंगांची पेटी देऊ?" माझ्यासाठीच हवीय म्हटल्यावर त्याने थेट सगळ्यात मोठा डबा काढला. मोठं माणूस, मोठा डबा. हा हिशेब डोक्यातून काढून टाका.

पहिल्या खरेदीला २४ रंग पुरतात. बारा रंगांत फिक्या छटा नसतात आणि ७२ मध्ये एकसारख्या दिसणाऱ्या पाच हिरव्यांतून निवड करण्यातच संध्याकाळ जाते. चोवीसांतून एकावर एक चढवून बाकीचे तयार होतात. माझं मत विचाराल तर पहिल्या खरेदीतला निम्म्याहून जास्त पैसा कागदावर जावा. साध्या पेन्सिली चांगल्या कागदावर बऱ्या दिसतात. महागड्या पेन्सिली वाईट कागदावर वाईटच दिसतात.

*पेन्सिलीचे दोन स्वभाव.* रंग बांधायला मेण वापरलेलं असेल तर पेन्सिल मऊ, रंग पटकन गडद होतो, टोक लवकर झिजतं. प्रिझमाकलर प्रीमियर या जातीची. तेलाचा अंश जास्त असेल तर पेन्सिल जरा टणक, टोक टिकतं, बारीक नक्षीला बरी. फाबर-कास्टेलची १२० रंगांची पॉलिक्रोमोस ही त्यातली नावाजलेली. सातारा-सांगलीच्या दुकानांत सहज मिळतात त्या डोम्स, कॅमलिन, फाबर-कास्टेल यांच्या शाळेच्या पेन्सिली. सुरुवात त्यांनीच करा. वर्षभर हात टिकला, तर महागड्या मालिकेतले पाच-सहा रंग सुटे मागवा: एक पांढरा, एक उबदार राखाडी, एक गडद निळा आणि आपले आवडते दोन-तीन रंग. पांढरा शाळेच्या पेटीत नावापुरताच असतो, फरक तिथेच सगळ्यात जास्त कळतो.

*दुकानातल्या तीन चाचण्या.* पेन्सिलीचं मागचं टोक बघा: रंगाची कांडी लाकडाच्या बरोबर मध्ये हवी. एका बाजूला सरकली असेल तर टोक करताना एकीकडे लाकूडच राहतं आणि कांडी मोडते. मग पेन्सिल काउंटरवर लोटा. वाकडी असेल तर थरथरत जाईल. शेवटी दुकानदाराकडून कागदाचा तुकडा घेऊन हलक्या हाताने रेघ मारा. दाबल्याशिवाय रंग उमटत नसेल तर महिन्याभरात मनगट बोलायला लागेल.

सावधान: पेटीवर किंवा पेन्सिलीवर ब्रशचं छोटं चित्र असेल तर त्या वॉटर कलर पेन्सिली आहेत. घाईत लोक त्याच उचलतात. कोरड्या वापरल्या तर चालतात, पण घामाचा हात लागला तरी रंग सुटतो. मे महिन्यात सांगलीत रंगवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मनगट किंवा अंगठा दुखत असेल तर तीन कडांच्या, जाड पेन्सिली घ्या. लहान मुलांच्या म्हणून विकतात, पण संधिवाताच्या हातालाही त्याच सोप्या जातात.

जेल पेनांचा मोठा संच कधीच घेऊ नका. निम्मे पेन पहिल्या महिन्यात आटतात. एक पांढरा, एक सोनेरी, बस्स.

पायरी ५: सोबतचं किरकोळ सामान

दोन शार्पनर, धातूचे. पातं बोथट झालं की पेन्सिल मोडते आणि आपण पेन्सिलीला शिव्या देतो. टोक करताना पेन्सिल फिरवण्याऐवजी ती धरून ठेवून शार्पनर फिरवा, मोडण्याचं प्रमाण कमी होतं. मेणाने पातं चिकट झालं तर साधी शिसपेन्सिल दोन-चार वेळा त्यातून काढा.

कणकेसारखा मळता येणारा खोडरबर, एक मऊ रंगवायचा ब्रश (चुरा झाडायला, हाताने झाडलं की रंग फासला जातो), मास्किंग टेप, हाताखाली ठेवायला पांढरा कोरा कागद. एवढंच. ब्लेंडरची बाटली, टॉर्टिलॉन (रंग पसरवायची, कागद गुंडाळून केलेली कांडी), रंग मिसळायचे मार्कर हे सगळं पुढच्या वर्षी. व्हिडिओ बघून काही जण पेन्सिलीचा रंग मिसळायला रॉकेल किंवा बेबी ऑइल लावतात. पुस्तकातल्या कागदावर तेलाचा डाग पुढच्या तीन पानांपर्यंत जातो, आणि देवघराच्या निरांजनाजवळ रॉकेल हवंच कशाला.

पायरी ६: पहिलं चित्र रंगवण्याआधी चाचणीचं पान

हे टाळणाऱ्यांचीच पानं बिघडतात. पुस्तकातलं शेवटचं पान यासाठी राखा, वेगळा कागद नको, कारण रंग कागदागणिक बदलतो. प्रत्येक रंगाचा छोटा चौकोन काढा: अर्धा हलका, अर्धा दाबून. खाली रंगाचं नाव किंवा क्रमांक. झाकणाचा किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकाचा रंग खरा मानू नका, विशेषतः जांभळा आणि गडद निळा.

हे दिवसा खिडकीपाशी बसून करा. रात्री रंगवणार असाल तर दिव्याच्या खोक्यावरचा आकडा बघा. ६५०० के लिहिलेला पांढरा दिवा दिवसाच्या उजेडाच्या जवळ जातो. ३००० के किंवा त्याखालच्या पिवळ्या दिव्यात फिका पिवळा रंग कागदावर दिसतच नाही. सकाळी उठून बघावं तर सूर्यफूल अर्धवट.

पेन वापरणार असाल तर त्याच पानावर प्रत्येक पेनचा ठिपका देऊन दहापर्यंत मोजा आणि पान उलटून बघा. आरपार गेला तो पेन या पुस्तकासाठी बाद.

पायरी ७: रंगवण्याचा क्रम

१. पुस्तकातलं सगळ्यात आवडतं चित्र पहिलं घेऊ नका. तिसरं-चौथं घ्या.

२. चार-पाच रंग आधी निवडून बाजूला काढा, बाकीचा डबा बंद. रंगसंगती सुचत नसेल तर डोळ्यासमोरची उचला. सप्टेंबरच्या कासची घ्या: सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, गेंदाचा पांढरा आणि ओला हिरवा. सांगलीकरांनी हळदीचा पिवळा, मिरजेच्या सतारीच्या भोपळ्यावरचा तांबूस-तपकिरी आणि कृष्णाकाठच्या मातीचा काळा घ्यावा. तीन रंगांतही पान भरून निघतं.

३. पानामागे दोन-तीन कोरे कागद ठेवा. नाहीतर पेन्सिलीचा दाब पुढच्या चित्रावर उमटतो आणि तिथे रंग भरताना पांढऱ्या चरा दिसतात. पेन असेल तर मागे प्लास्टिक.

४. उजव्या हाताने रंगवत असाल तर वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करा, डावखुऱ्यांनी उजव्या. हाताखाली कोरा कागद.

५. पेन आणि पेन्सिल दोन्ही वापरायचं असेल तर आधी पेन, तो पूर्ण वाळल्यावर पेन्सिल. उलटं केलं तर पेनचं टोक मेणाने भरतं आणि पेन जातो.

६. पेन्सिल फिक्याकडून गडदकडे. पहिला थर इतका हलका की कागद खालून दिसत राहील. दुसरा थर वेगळ्या दिशेने. गडद छटा तिसऱ्या-चौथ्या थरात, कडांना. जवळजवळ सगळे नवशिके पहिल्याच थरात जोर लावतात. कागदाची खरखर एकदा मेणाने भरली की तिथे पुढे काही बसत नाही.

७. सगळे थर झाल्यावर, हवं असेल तर, पांढऱ्या किंवा सगळ्यात फिक्या पेन्सिलीने जोर देऊन घोटायचं. रंग एकजीव होऊन चकाकी येते.

सावधान: घोटाई शेवटचीच. घोटलेल्या जागी "अजून थोडी सावली" देता येत नाही.

८. पांढऱ्या जेल पेनचे ठिपके अगदी शेवटी, आणि घोटलेल्या जागी जपून. मेणावर पेनची गोळी अडकते. नंतर पंधरा मिनिटं पान उघडं ठेवा.

तपासा: पाऊण तास झाला की उठा. मान खाली, बोटं आवळलेली अशा बैठकीत चुका शेवटच्या दहा मिनिटांतच होतात.

पायरी ८: बिघडलं तर

रेघेबाहेर पेन्सिल गेली: साध्या खोडरबराने घासू नका, मेण फासतं. कणकेचा खोडरबर दाबून उचला. जास्त रंग बसला असेल तर मास्किंग टेपचा तुकडा आधी कपड्यावर दोनदा चिकटवून त्याचा चिकटपणा कमी करा, मग पानावर हलका दाबून उचला.

काही दिवसांनी गडद रंगावर पांढुरकी साय आल्यासारखी दिसली तर घाबरू नका, बुरशी नाही. मेणाच्या पेन्सिलीचं मेण वर येतं. मऊ सुती कपड्याने हलकं पुसलं की जातं.

पेन मागे उतरला: त्या पानाचं चित्र गेलं असं समजा आणि तेच पान रंगांच्या चाचणीला ठेवा. त्यावर पांढरा रंग थापून वाचवायचा प्रयत्न मी तीनदा केलाय, तीनदा पान अधिक वाईट दिसलं.

पायरी ९: पावसाळा आणि साठवण

जून ते सप्टेंबर साताऱ्यात कागद ओल धरतो. हाताला मऊ लागतो, पेन्सिल त्यावर नीट पकडत नाही, पेनची शाई जास्त पसरते आणि उशिरा वाळते. पुस्तक बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. झिपच्या पिशवीत, औषधाच्या किंवा चपलांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि वर एखादं जड पुस्तक, म्हणजे पानं वाकत नाहीत. पान दमट झालंच तर उन्हात टाकू नका, कडा वळतात. पंख्याखाली तासभर उघडं ठेवलं की पुरतं.

मार्कर आणि ब्रश पेन आडवे ठेवायचे, नाहीतर शाई एका टोकाला उतरते. पेन्सिलीचा डबा फळीच्या कडेला नको: तो पडला तर बाहेरून काही दिसत नाही, पण आत कांडीचे तुकडे होतात आणि पुढचे चार महिने टोक करता करता ते गळत राहतात.

पुस्तकात मिटलेलं चित्र वर्षानुवर्षं तसंच राहतं. पण एखादं फ्रेम करून दिवाणखान्यात लावायचं असेल तर ऊन न येणारी भिंत निवडा. स्वस्त गुलाबी, जांभळे आणि झगमगीत निऑन रंग सगळ्यात आधी उडतात, स्केचपेनचे तर फारच लवकर. फ्रेमसाठी रंगवायचं पान पेन्सिलीनेच करा आणि लावण्याआधी त्याचा एक चांगला रंगीत स्कॅन काढून ठेवा.